परदेशात जायच्या आधी शहराचा खर्च कसा तोलायचा: जर्मनीचा हिशोब धरून

गेल्या वर्षी ऑक्टोबरमधे माझ्या मावसभावाचा रात्री अकराला मेसेज आला, "ताई, म्युनिकची ऑफर आली, वर्षाला 60 हजार युरो, म्हणजे 60 लाखच की गं!" त्याच्याकडे लाइपझिगची पण एक ऑफर होती 52 हजारांची, आणि ती तो नाही म्हणून कळवणारच होता, कारण साधं गणित, 60 मोठे की 52. मी त्याला म्हटलं रविवारपर्यंत कुणालाच काही कळवू नको, आणि रविवारी कॉल करायच्या आधी तुमच्या घरचं गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून ठेव. त्याला वाटलं ताईला पैसे बघायचेत का काय. पण हिशोब तिथूनच सुरू होतो, म्युनिकपासून नाही.

मी 2019 मधे कोथरूडहून म्युनिकला आले, नवरा आणि दीड वर्षाची मुलगी बरोबर, आणि तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी हेच विचारतं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते. उदाहरण जर्मनीचं आहे कारण मला तेच आतून माहीत आहे.

पहिली गोष्ट, पगाराला रुपयाने गुणू नका. एक युरो शंभर रुपये म्हणून 60 हजाराचे 60 लाख होतात खरे, पण तुम्ही ते 60 लाख पुण्यात खर्च करणार नाही आहात, म्युनिकमधे करणार आहात, आणि तिथे साधा केस कापायला पुरुषाला 25-30 युरो लागतात. आता याच्या उलट दुसरं टोक. हल्ली लोक पीपीपीचा आकडा फिरवतात, म्हणजे दोन देशांतल्या किमतींच्या तोलाने काढलेला दर, त्यात एक युरो 28-30 रुपयांच्या आसपास धरतात, आणि मग 60 हजार युरो म्हणजे फक्त 17-18 लाख, कशाला जायचं तिकडे, पुण्यातच बरं. हे पण चूक. तो दर अख्ख्या देशाच्या सरासरी टोपलीवरून काढलेला असतो, तुमच्या घराच्या टोपलीवरून नाही, आणि तिकडून तुम्ही आईबाबांना पैसे पाठवाल ते काही 28 च्या दराने येणार नाहीत, ते शंभरच्याच दराने येणार. मी वापरते तो नियम एवढाच: खर्च युरोतच ठेवायचा, मिळकत पण युरोतच ठेवायची, आणि महिन्याअखेरीस जे खाली उरतं फक्त त्या शिल्लकीला रुपयाने गुणायचं. मग ती शिल्लक इथल्या शिल्लकीशेजारी मांडायची. पगाराची तुलना पगाराशी करायचीच नाही.

वेबसाइटवरचे आकडे कसे वाचायचे

सगळे आधी नंबिओ ही शहरांच्या खर्चाची वेबसाइट उघडतात. वाईट नाहीये, मी पण उघडते, पण ते आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात. न्यूयॉर्क 100 धरून बाकी शहरं मोजतात, आणि ज्याला तिथे राहणीमान खर्चाचा निर्देशांक म्हणतात त्यात घरभाडं धरलेलंच नसतं, भाड्याचा निर्देशांक वेगळा, दोन्ही मिळून तिसरा. कितीतरी जण पहिलाच आकडा बघतात आणि म्हणतात अरे, म्युनिक आणि लाइपझिगमधे फारसा फरकच नाही. फरक सगळा भाड्यातच आहे! शहराच्या पानावर खाली किती लोकांनी माहिती भरली आणि शेवटची कधी भरली ते लिहिलेलं असतं, ते वाचा, लहान शहर असेल तर मूठभर लोकांच्या माहितीवर सगळा डोलारा उभा असतो.

पेपरात बातमी येते ना, जगातलं सगळ्यात महाग शहर कुठलं, 2024 ला हाँगकाँग, मग सिंगापूर, मग झुरिक होतं, ती मर्सर या सल्लागार कंपनीची यादी. ती कंपन्यांसाठी काढतात, परदेशी पाठवलेल्या माणसाला भत्ता किती द्यायचा ते ठरवायला. त्या वस्तूंच्या यादीत तुमची तूरडाळ नाही. किंवा तो बर्गरचा निर्देशांक घ्या, द इकॉनॉमिस्टने 1986 मधे सुरू केलेला, एकाच बर्गरची किंमत देशोदेशी बघायची. भारतात तो बर्गर बीफचा मिळतच नाही म्हणून चिकनचा महाराजा मॅक धरतात, म्हणजे एका बर्गरची तुलना करताना सुद्धा वस्तू बदलावी लागते, मग अख्ख्या घराची तुलना एका आकड्यात कशी बसेल.

आधी घरचा रोजमेळ

माझ्या सासूबाई रोजमेळ लिहायच्या, लाल पुठ्ठ्याच्या लांब वहीत. निघायच्या आधी मी ती वही घेऊन बसले होते, दूध, पोळीवाल्या मावशी, इस्त्री, महावितरणचं बिल, गॅस सिलिंडर, सोसायटीचा मेंटेनन्स, पेट्रोल, रद्दी विकून आलेले 140 रुपये सुद्धा लिहिलेले. तुमच्याकडे वही नसेल तर जीपे-फोनपे आणि बँक स्टेटमेंट आहेच, तीन महिन्यांचं काढा, एकाच महिन्याचं नको, कारण एखाद्या महिन्यात दिवाळी येते नाहीतर गाडीचा इन्शुरन्स.

मग प्रत्येक ओळीपुढे चार खुणांपैकी एक करायची. एक, तिकडे गेल्यावर हा खर्च जाणार: पोळीवाल्या मावशी, धुणीभांडी, इस्त्रीवाला, पेट्रोल, पाण्याचे जार. दोन, तिकडेही राहणार पण आकडा बदलणार: किराणा, भाजी, लाइट, इंटरनेट, बाहेरचं खाणं. तीन, तिकडे नव्याने येणार, याची यादी खाली देतेच. आणि चार, जो लोक हमखास विसरतात: भारतातच चालू राहणार. फ्लॅटचा ईएमआय, आईबाबांचा मेडिक्लेम, एलआयसीचा हप्ता, गावच्या घराची पट्टी. हा खर्च रुपयात आहे आणि तो तुमच्या युरोच्या पगारातून जाणार आहे, म्हणून याला उलटं युरोत करून तिकडच्या खर्चात मिळवायचा.

जाणाऱ्या खर्चाकडे बघून खूश होऊ नका बरं का. मावशींचे पैसे वाचतात, पण पोळ्या, भांडी, फरशी, संडास-बाथरूम हे सगळं संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून आल्यावर तुम्ही दोघंच करणार आहात. तो वेळ कुठल्याच तक्त्यात येत नाही, म्हणून निदान पानाच्या कडेला लिहून ठेवा.

ब्रुटो आणि नेटो

जर्मनीत ऑफर लेटरवर असतो तो ब्रुटो, म्हणजे कापाकापीच्या आधीचा. हातात येतो तो नेटो. पेन्शन, बेकारी विमा, आरोग्य विमा, काळजी विमा (म्हातारपणी-आजारपणी सांभाळायला माणूस लागलं तर त्याचा) हे सगळं आधीच कापलं जातं आणि मग टॅक्स. 60 हजारांवर एकट्या माणसाला, म्हणजे टॅक्स क्लास 1 ला, महिन्याला 3,100-3,200 च्या आसपास येतात, त्याच पगारावर लग्न झालेलं आणि जोडीदार नोकरी करत नाही अशा क्लास 3 वाल्याला साडेतीन हजारांच्या आसपास. गूगलवर ब्रुटो नेटो रेखनर टाका, रेखनर म्हणजे कॅल्क्युलेटर, त्यात राज्य, क्लास, मुलं भरली की आकडा मिळतो. राज्य बरोबर निवडा. लाइपझिग सॅक्सनीत येतं, आणि काळजी विम्यात तिथल्या नोकरदाराचा वाटा बाकी राज्यांपेक्षा अर्धा टक्का जास्त आहे, कारण हा विमा आला तेव्हा बाकीच्या राज्यांनी त्या बदल्यात एक सार्वजनिक सुट्टी सोडली आणि सॅक्सनीने ती ठेवली. चर्च टॅक्सच्या खुणेवर नाही म्हणा, तो फक्त नोंदणी असलेल्या चर्चच्या सभासदांना लागतो. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, तो इन्कम टॅक्सच्या 8 टक्के आहे आणि बहुतेक ठिकाणी 9, आणि गावात राहायला आल्याची नोंदणी करता तेव्हा फॉर्मवर धर्म विचारतात तो याच्याचसाठी.

एवढं कापतात म्हणून जीव हळहळतो, मान्य. पण सरकारी आरोग्य विम्यात नोकरी न करणारा जोडीदार आणि मुलं वेगळा पैसा न भरता येतात, डॉक्टरकडे गेल्यावर खिशात हात घालावा लागत नाही, लिहून दिलेल्या औषधाला 5 ते 10 युरो. माझं दुसरं बाळंतपण इथे झालं, पाच दिवस हॉस्पिटलमधे होते, आणि घरी येताना एक युरो सुद्धा भरावा लागला नाही. पुण्यात त्यासाठी आम्ही वेगळे पैसे बाजूला टाकत होतो. म्हणजे नेटोतून गेलेला पैसा तुमच्या रोजमेळातल्या काही ओळी कमी करतो, त्या ओळी खोडायला विसरू नका.

भाडं, भाडं आणि भाडं

आता मुख्य मुद्दा. जर्मनीतल्या दोन शहरांची तुलना म्हणजे जवळजवळ सगळी भाड्याचीच तुलना. आल्डी आणि लिडल या सुपरमार्केटांमधे दुधाचा भाव म्युनिकला जो तोच लाइपझिगला. आरोग्य विम्याचे टक्के तेच. रेडिओ-टीव्हीची फी घरामागे महिन्याला 18.36 युरो, सगळीकडे तीच, आणि टीव्ही नसला तरी द्यायची. देशभर लोकल ट्रेन-बस-मेट्रो चालणारं डॉइचलांड टिकेट सगळीकडे एकाच किमतीला, 2023 च्या मे महिन्यात 49 युरोला सुरू झालं, 2025 ला 58 केलं आणि 2026 च्या जानेवारीपासून 63. बदलतं ते घर. जाहिरातीतलं भाडं म्युनिकला चौरस मीटरला 20 युरोच्या वर जातं, लाइपझिगला त्याच्या निम्म्याच्या आसपास.

जाहिरात वाचताना काल्टमीटे आणि वार्ममीटे हे दोन शब्द पाठच करा. काल्ट म्हणजे थंड, नुसतं घराचं भाडं. वार्म म्हणजे गरम, त्यात पाणी, कचरा, जिना झाडणं आणि बहुतेक वेळा हीटिंग धरलेलं. लाइट आणि इंटरनेट दोन्हीत नाही. तुलना नेहमी वार्मची वार्मशी करा, एका शहराचं काल्ट आणि दुसऱ्याचं वार्म घेतलं की महिन्याला दोन-अडीचशे युरोची चूक तिथेच. इम्मोस्काउट या घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर तुमच्या गरजेच्या मापाची दहा घरं काढा, सगळ्यात स्वस्त दोन आणि सगळ्यात महाग दोन सोडून द्या, मधल्या सहांचा अंदाज घ्या. आणि दुसऱ्या गावातूनच घर बघताना कुणी "चावी कुरियर करतो, आधी डिपॉझिट पाठवा" म्हणालं तर तिथेच थांबा, घर न बघता एक युरो पाठवायचा नाही.

वार्ममधलं गरमपणाचं भाडं हा फक्त अंदाजाने घेतलेला ॲडव्हान्स असतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मुलगी लहान म्हणून आम्ही सगळ्या खोल्यांचे हीटर 5 वर ठेवायचे, आणि कोंदट वाटायचं म्हणून खिडकी वरून तिरकी उघडी. वर्षाचा हिशोब करून घरमालक बिल पाठवतो, आणि हिशोबाचं वर्ष संपल्यावर ते पाठवायला त्याला बारा महिन्यांची मुदत असते, म्हणजे आपण विसरून जातो तेव्हा येतं. आमचं पत्र आलं 640 युरोचं. एका महिन्याचा किराणाच गेला. आता आम्ही हीटर 3 वर ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं खिडक्या सताड उघडून परत बंद करतो, शेजारच्या आजींनी शिकवलं. हिशोबात मात्र दर महिन्याला 30-40 युरो या बिलासाठी म्हणून बाजूला धरा.

आणि स्वयंपाकघर. आमच्या पहिल्या भाड्याच्या घराची चावी घेऊन आत शिरलो तर स्वयंपाकघर म्हणून जी खोली होती तिच्यात काहीच नव्हतं. म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून दोन नळाची टोकं बाहेर आलेली, त्यांना प्लास्टिकची टोपणं, खाली सांडपाण्याचा एक पाइप, आणि छताला बल्बच्या जागी दोन वायरी, टोकाला टेप गुंडाळलेली. सगळ्या खोल्यांत तसंच, दिवे पण आधीचे भाडेकरू काढून नेतात. जर्मनीत हे नेहमीचंच आहे. त्या रात्री आम्ही मोबाइलच्या उजेडात बसून बाथरूमच्या बेसिनमधे पोरीची दुधाची बाटली धुतली. पुढचे तीन आठवडे एक इंडक्शनची शेगडी जमिनीवर ठेवून कुकर लावत होते. साधं स्वयंपाकघर बसवायला तेव्हा आम्हाला फिटिंगसकट 2,800 युरो लागले, आणि आम्ही ते कुठल्याच यादीत धरले नव्हते. म्हणून जाहिरातीत ईबीके ही अक्षरं शोधा, त्याचा अर्थ बसवलेलं स्वयंपाकघर आहे. नसेल तर ती रक्कम त्या घराच्या हिशोबात मिळवा, मग 80 युरो स्वस्त दिसलेलं घर स्वस्त राहत नाही.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, त्याच्या वर मागायला कायद्याने मनाई आहे, आणि ते तीन महिन्यांत तीन हप्त्यांनी द्यायचा तुमचा हक्क आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. एजंटची फी 2015 पासून ज्याने एजंट नेमला त्याने भरायची, म्हणजे मालकाने नेमला तर मालकाने. पुण्यातल्या सारखी एक महिन्याची दलाली धरू नका.

म्युनिकला नोकरी असेल तर म्युनिकमधेच राहायला हवं असंही नाही. आउग्सबुर्गहून साध्या रिजनल ट्रेनने पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि डॉइचलांड टिकेट त्यात चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांत चालत नाही. आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं तसं करतात. पण गाडी उशिरा येण्याचं प्रमाण आणि थंडीत फलाटावरचं उभं राहणं, हे आठवड्यातून पाच दिवस की दोन दिवस, ते ऑफिसला आधी विचारून घ्या.

किराणा आणि बाकीचं

इथे एक खूणगाठ बांधा: वस्तू स्वस्त, माणसाचा हात महाग. दूध लिटरला युरोच्या आसपास, कांदे-बटाटे, तांदूळ, पीठ, अंडी, दही, चीज हे पगाराच्या मानाने अजिबात महाग नाही. पण किल्ली आत राहिली आणि कुणाला दार उघडायला बोलवलं तर दोन-तीनशे युरो जाऊ शकतात, म्हणून एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतात. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, ब्युटी पार्लर, हॉटेलात बसून जेवण, सगळ्यात कंबरडं मोडतं. लाइट युनिटला 30 ते 40 सेंट, पण एसी आणि पंखे नसल्याने बिल वाटतं तेवढं येत नाही.

किराण्याचा आकडा काढायला सोपी युक्ती. तुमची महिन्याची यादी घ्या, रेवे या सुपरमार्केटच्या ॲपमधे त्या शहराचा पिनकोड टाका आणि खरंच कार्टमधे भरून बघा, पैसे न भरता बंद करा. अर्ध्या तासात शेकडो लोकांच्या सरासरीपेक्षा खरा आकडा मिळतो. कोथिंबीर, वांगी, भेंडी, मेथी तुर्की दुकानात चांगली आणि स्वस्त, डाळी आणि गव्हाचं आपल्यासारखं पीठ इंडियन दुकानात, आणि ते दुकान घरापासून किती लांब आहे तेही बघून ठेवा कारण 10 किलोची पिशवी ट्राममधून आणायची असते. बाटल्यांवर डिपॉझिट असतं, पाण्या-कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीला 25 सेंट, दुकानातल्या मशीनमधे परत टाकली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा. म्हणजे तो खर्च धरायचा नाही.

नव्याने येणाऱ्यांत रेडिओ-टीव्ही फी, थंडीचे कपडे आणि बूट (मुलांचे दरवर्षी, सेकंडहँड बाजारात फार छान मिळतात), हाफ्टफ्लिश्ट म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, महिन्याला पाच-सात युरो, घ्याच. आणि भारतात यायची तिकिटं. वर्षातून एकदा सगळे येणार असाल तर ती रक्कम बाराने भागून दर महिन्याच्या खर्चात घाला, डिसेंबरचे भाव धरून, कारण तेव्हा शाळेला नाताळची सुट्टी असते.

मुलं असतील तर

इथे शहराशहरात खरा फरक पडतो. बर्लिनमधे पाळणाघराची, म्हणजे किटाची फी माफ आहे, जेवणाचे महिन्याला 23 युरो तेवढे, हॅम्बुर्गला रोजचे पाच तास जेवणासकट फुकट, बाकी ठिकाणी गावागावाचे दर वेगळे. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला जागा मिळण्याचा 2013 पासून कायद्याने हक्क आहे, तरी मोठ्या शहरांत जागेसाठी वाट बघावी लागते, आणि सरकारी मिळाली नाही की खाजगी द्विभाषिक किटाला महिन्याला हजार युरोपर्यंत जातात. आम्हाला पहिले आठ महिने तसेच भरावे लागले. म्हणून तक्त्यात दोन आकडे ठेवा, जागा मिळाली तर आणि नाही मिळाली तर. सरकारी शाळेला फी नाही. इंटरनॅशनल स्कूल म्हणाल तर वर्षाला पंधरा-वीस हजार युरो आणि त्याहून वर, ती शाळा हवीच असेल तर कंपनी देते का ते सही करायच्या आधी विचारा. आणि मिळकतीच्या बाजूला किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, लिहा, 2025 मधे प्रत्येक मुलामागे महिन्याला 255 युरो, 2026 पासून 259.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी आधीच बँकेत अडकवून ठेवायची रक्कम वर्षाला 11,904, महिन्याला 992 युरो बसतात, आणि आईवडील समजतात की तेवढ्यात भागतं. लाइपझिगसारख्या शहरात शेअरिंगच्या खोलीत ओढाताण करून भागेल, म्युनिकला नुसत्या खोलीलाच साडेसातशे-आठशे जातात, मग विमा भरून हातात काय राहणार. युनिव्हर्सिटीचं नाव बघून मुलं शहर ठरवतात, त्यांना आधी स्टुडंट हॉस्टेलची वेटिंग लिस्ट बघायला लावा.

पहिल्या तीन महिन्यांचा वेगळा कागद

महिन्याचा हिशोब जुळला तरी माणूस सुरुवातीलाच अडकतो. डिपॉझिट, पहिलं भाडं, स्वयंपाकघर, गाद्या, वॉशिंग मशीन, दिवे, आणि कायमचं घर मिळेपर्यंत फर्निचरवालं तात्पुरतं घर जे नेहमी महागच असतं, वर पहिला पगार महिनाअखेरीस. कंपनी शिफ्टिंगचे पैसे देते म्हणाली तरी बऱ्याचदा आधी तुम्ही भरायचे आणि मग बिलं लावून परत घ्यायचे, हे नीट विचारा. आम्ही 4,000 युरो घेऊन आलो होतो आणि दुसऱ्याच महिन्यात भावाकडून उसने मागवावे लागले. कुटुंब असेल तर म्युनिकसाठी नऊ-दहा हजार युरो हाताशी असल्याशिवाय सगळ्यांनी एकदम येऊ नका, एकाने आधी यावं.

दुसऱ्या देशात जात असाल तर हीच पद्धत, फक्त त्या देशाच्या लपलेल्या ओळी शोधायच्या. लंडनला भाड्याच्या वर काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा कर, आणि व्हिसाबरोबरच आरोग्याचा सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पाउंड, तोही व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकदम. दुबईला पगारावर इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक हुरळतात, पण मुलांच्या शाळेची फी आपली, भाड्याचे चेक आगाऊ द्यायचे, आणि लाइट-पाण्याच्या बिलात भाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी येते.

मावसभावाचा कागद

रविवारी आम्ही तीन तास बसलो. तो, त्याची बायको आणि तीन वर्षांचा मुलगा, सुरुवातीला तो एकटाच कमावणार, म्हणून क्लास 3. म्युनिकचे 60 हजार म्हणजे हातात 3,530, किंडरगेल्ड धरून साधारण 3,780. लाइपझिगचे 52 हजार म्हणजे 3,115, किंडरगेल्ड धरून 3,370. पगारात वर्षाला 8 हजारांचा फरक, हातात महिन्याला 410 चा. 65 चौरस मीटरचं घर म्युनिकला वार्म 1,650, लाइपझिगला 850. इथेच 800.

बाकी टोपली दोन्हीकडे एकच धरली: किराणा-भाजी 600, लाइट 60, इंटरनेट 35, दोन मोबाइल 20, रेडिओ-टीव्ही 18, दोन डॉइचलांड टिकेटं तेव्हाच्या 58 च्या भावाने 116, हाफ्टफ्लिश्ट 7, किटा जेवणासकट 150, कपडे-औषधं-बाहेरचं खाणं 250. बेरीज 1,256. त्यानंतर चौथी खूण केलेल्या ओळी, पुण्याच्या फ्लॅटचा ईएमआय आणि काकांचा मेडिक्लेम मिळून 45 हजार रुपये, म्हणजे 450 युरो, आणि वर्षाच्या तिकिटांचे महिन्याला 200. सगळं जाऊन म्युनिकला उरले 224 युरो, लाइपझिगला 614. पुण्यात सगळा खर्च जाऊन त्याचे महिन्याला 35-40 हजार मागे पडत होते. म्हणजे म्युनिकच्या त्या 60 लाखांतून महिन्याला 22 हजार, आणि ज्याला तो नाही म्हणणार होता त्या लाइपझिगमधून 61 हजार. बराच वेळ कॉलवर कुणीच बोललं नाही.

मग उलटं गणित केलं, म्युनिकला लाइपझिगएवढंच उरायला ब्रुटो किती हवा. रेखनरमधे आकडा वाढवत गेलो, 68 हजारांला जुळलं. हे गणित तुम्ही पण कराच, कारण पगार बोलताना हातात एक ठाम आकडा असतो. बायकोच्या नोकरीचा पण विचार केला. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, इंग्लिशवर भागणाऱ्या नोकऱ्या म्युनिकला जास्त, आणि तिला नोकरी लागली की चित्र पालटतं. पण जर्मन यायला तिला वर्ष तरी लागणार होतं आणि मुलगा लहान, म्हणून पहिली दोन वर्षं एका पगाराचीच धरली.

त्याने म्युनिकला 68 मागितले, ते 64 वर थांबले. फेब्रुवारीत तो लाइपझिगला एकटा आला, बायको-मुलगा एप्रिलमधे. डिपॉझिट 1,950 लागलं, तीन हप्त्यांत दिलं. घराची चावी मिळाली त्या दिवशी त्याने मला सगळ्यात आधी स्वयंपाकघराचा फोटो पाठवला, ओटा, सिंक, चार शेगड्या, आणि छताला दिवा लागलेला.